नमुन्याचं बटण

बटणाला भोकं चार, पण दोरा त्यांतल्या दोनांतूनच गेलेला, आणि तोही शेवटच्या धाग्यावर आलेला – कोट हँगरवरून काढताना ते आधी झुकलं, मग स्वतःभोवती सावकाश फिरलं आणि लोंबत राहिलं. तिनं ते दोन बोटांत धरून थांबवलं. शिंपल्याचं नव्हे; शिंपल्याची नक्कल. एवढं ती अजूनही न बघता सांगू शकत होती – शिंपला बोटाला गार लागतो, नक्कल लागत नाही – आणि एवढं एक ज्ञान तिनं आपल्या साठ हजार विद्यार्थ्यांपैकी एकालाही कधी दिलं नव्हतं.

कोट निळा, अकरा वर्षांचा. कोठीच्या खोलीत भिंतींना जाड पांघरुणं टांगून, नवऱ्याच्या जुन्या कॅमेऱ्यासमोर तिनं पहिलं व्याख्यान दिलं तेव्हा हाच अंगात होता. त्या एका व्याख्यानाची पुढे शाळा झाली, छोट्या धंदेवाल्यांनी आपापल्या गल्ल्यावर बसून मोबाईलवर शिकायची व्यापाराची शाळा. आणि कोट कपाटात गेला. आज तो काढायचं कारण शाळेची एडिटर. काल तिनं बजावून सांगितलं होतं, "बाई, उद्या तोच कोट घाला, म्हणजे जोड दिसणार नाही."

जोड दिसणार नाही. शिंप्याच्या घरची असल्यासारखी बोलते ही मुलगी. पण मुलगी चुकीचं काही बोलत नव्हती, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. पहिल्या व्याख्यानात सहा मिनिटं चाळीस सेकंदांवर बाई एक प्रश्न विचारतात: गिऱ्हाईक दुकानात आलं, उभं राहिलं, आणि काहीही न घेता निघून गेलं. का? – आणि थांबतात. मोजून अकरा सेकंद. मग म्हणतात, "आता पुढचा मुद्दा." उत्तर येतच नाही. त्या व्याख्यानात नाही, पुढच्या तीनशे नव्वदांतही नाही.

खरं म्हणजे ते राहून गेलं होतं... राहून गेलं असंच ती स्वतःला सांगत आली. लोकांनी मात्र त्याचा केवढा गाजावाजा केला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसं झालं, आणि नाव कावळ्याचं झालं. एका परिषदेत कुणी अध्यक्ष म्हणाले की बाईंचे ते अकरा सेकंद म्हणजे अध्यापनशास्त्राचा अख्खा ग्रंथ आहे. विद्यार्थ्याला उत्तर न देणं हेच खरं देणं. ती व्यासपीठावर बसून नम्रपणे खाली बघत होती. नम्रपणे खाली बघणं तिला चांगलं जमतं.

आता शाळेची सगळी व्याख्यानं नव्यानं, घासूनपुसून, उद्या सकाळी लोकांसमोर जायची होती. एडिटरचं म्हणणं सरळ होतं – आज चार वाजेपर्यंत उत्तर रेकॉर्ड करून द्या, मी ते तिथे जोडते. नाहीतर प्रश्न आणि अकरा सेकंद, दोन्ही कापते. आणि तिनं रात्रीच ठरवलं होतं, अगदी दात-ओठ खाऊन ठरवलं होतं: उत्तर देणार नाही आणि कापूही देणार नाही. शाळा माझी, प्रश्न माझा.

"मग कोट कशाला काढलास?" नवरा दारातून म्हणाला. निवृत्त मोजणीदार, आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता बायकोची वाक्यं मोजतो.

"बटण लावायला."

"आणि तो जोड कोटाला नसला दिसत तरी मानेला दिसेल हो. अकरा वर्षं झाली."

"अहो, चहा प्या."

तो हसत आत गेला. तिनं सुई-दोरा घेतला. सुईत दोरा ओवायला तीन वेळा चुकली, चौथ्यांदा ओवला. बटण लावण्यात मात्र हात चुकत नव्हता – चार भोकं, दोन फेऱ्या, खाली दोरा गुंडाळून बटणाला मान करायची, मग गाठ. बाबांची पद्धत. बटणांचं दुकान होतं बाबांचं, एवढंसं, समोरासमोर दोन माणसं आली तर एकानं बाहेर व्हायचं. पण छतापर्यंत सव्वादोनशे खोकी, आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडावर नमुन्याचं एकेक बटण शिवलेलं. मुलाखतींमधून हे सगळं तिनं कितीदा सांगितलंय. 'बाबा मला रोज संध्याकाळी विचारायचे – अमुक गिऱ्हाईक काही न घेता का गेलं? आणि उत्तर सांगत नसत. विचार करायला लावत.' टाळ्या. छान वाक्य होतं ते, बसलेलं, बोलून बोलून गुळगुळीत झालेलं...

रोज. रोज विचारायचे का?

तिनं दोरा दातानं तोडला आणि कोट हातावर टाकून ती निघाली.

रस्त्यात दुकानं उघडत होती. शटर वर जाण्याचा आवाज तिला अजूनही आवडतो; शाळेची घंटा होते तसा. मुळात शाळा निघाली ती याच आवाजावरून – बावीस वर्षं कॉलेजात व्यापार शिकवला, सकाळी अकराच्या तासाला, आणि एक दिवस खिडकीतून समोरच्या ओळीतली शटरं वर जाताना दिसली तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला की ज्यांना हे शिकायची गरज आहे ते या वेळी तिकडे आहेत आणि ज्यांना गरज नाही ते इकडे बाकांवर पेंगताहेत. प्राचार्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मग काय वर्ग रस्त्यावर नेणार? नेला. सगळ्यांनी वेड्यात काढलं, सख्ख्या बहिणीनंसुद्धा. पण एकदा मनानं घेतलं की ती ऐकणारी नव्हतीच. आजही नाही. चाव्यावाला, बूट दुरुस्त करणारा, काचा कापून देणारी ती जाड चष्म्याची बाई... या ओळीत तिचे निदान चार विद्यार्थी होते. काचवालीनं हात केला. तिनंही केला. हिला विचारावं का, तू अकरा सेकंदांत काय केलंस म्हणून? पण पाय पुढे गेलेले होते.

शाळा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत टेबलं, एकीत कॅमेरा. एडिटर आधीच आलेली, कानांवर मोठाले हेडफोन, पायांत मोजे, चपला दाराशी. कोट बघून तिचा चेहरा उजळला.

"बाई, घालणार म्हणजे?"

"बटण लावून आणलंय. बाकी काही ठरलेलं नाही."

एडिटरनं वाद घातला नाही. तिनं फक्त स्क्रीन वळवून दाखवला. एक रेघ. व्याख्यान सुरू होतं तेव्हा वर, हळूहळू उतरत जाणारी, आणि मग एका जागी कड्यावरून टाकल्यासारखी खाली. त्या जागी लिहिलेलं: ६:४०.

"शंभरातले एकतीस जण इथे जातात बाई. परत येत नाहीत. एकदम पहिल्याच व्याख्यानाला. अकरा वर्षं हे असंच आहे, कुणी काढून बघितलं नव्हतं इतकंच."

ती रेघेकडे बघत राहिली. आलं, उभं राहिलं, आणि काहीही न घेता... हे आपलंच. आपलाच प्रश्न आपल्याच दारात येऊन उभा राहिलाय आणि आपण त्याला ओळख दाखवत नाही आहोत. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान. अकरा वर्षं गिऱ्हाईक का परत जातं हे शिकवणारी बाई, तिच्याकडून शंभरातले एकतीस परत जातात आणि तिला पत्ता नाही.

"का जातात?" तिनं विचारलं.

"शांतता आहे ना तिथे. लोकांना शांतता सोसत नाही. सगळीकडचे आकडे हेच सांगतात."

"यांचे फोन नंबर दे."

"बाई, आकडे पुरेसे आहेत हो."

"आकड्यांना फोन लागत नाही. दे."

सात नंबर, गेल्या महिन्यातले. ती कॅमेऱ्याच्या खोलीत जाऊन बसली, दार लावलं. मनातल्या मनात तिचं भाषण तयार होतं – एकेकाशी बोलायचं आणि सिद्ध करायचं की शांततेमुळे नव्हे, मुलं रडली, दूध उतू गेलं, गिऱ्हाईक आलं, म्हणून गेले. मग स्क्रीन त्या मुलीकडे वळवायचा. पहिल्या दोघांनी उचलला नाही. तिसरा, "नको आम्हाला काही," म्हणून ठेवून मोकळा झाला. चौथा सायकली दुरुस्त करणारा, फार आर्जवी, म्हणाला, "बाई, तुम्ही एकदम गप्प झालात, मला वाटलं मोबाईलच बंद पडला. दोनदा हापटला." त्यावर ती मनापासून हसली. अध्यापनशास्त्राचा अख्खा ग्रंथ, आणि माणसानं मोबाईल हापटला. पाचव्याचं खरंच दूध उतू गेलं होतं. एक गुण मिळाला.

सहावी कपडे धुऊन इस्त्री करून देणारी. मागे वाफेचा फुसफुस आवाज. बाई स्वतः बोलताहेत म्हटल्यावर ती आधी घाबरली, मग भराभर बोलायला लागली.

"नाही हो, शांततेचं काही नाही. उलट मला बरं वाटलं. आमच्याकडे कुणी विचारून थांबत नाही, विचारतात आणि आपणच बोलतात. तुम्ही थांबलात ना, मी मोठ्यानं उत्तर दिलं. अगदी मोठ्यानं. कपड्यांच्या ढिगासमोर."

"काय दिलंत?"

"आता आठवत नाही बाई नीट... म्हटलं, त्याला काय हवंय ते त्याला सांगता आलं नसेल. आणि लाज वाटली असेल. असं काहीतरी. मग तुम्ही म्हणालात, आता पुढचा मुद्दा. म्हटलं, चुकलं. नणंद शेजारी बसली होती, ती हसली. मग बंद केलं. आपल्याला जमायचं नाही ते, शिकलेल्यांचं आहे. राग नाही हं बाई, तुम्ही छानच सांगता."

त्याला काय हवंय ते त्याला सांगता आलं नसेल.

बोल. आत्ता बोल. तीन शब्द आहेत, बरोबर होतं तुमचं, एवढेच – पण तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी ती बसून राहिली, आणि फोनमधून वाफेचा आवाज येत राहिला, आणि ती बाई म्हणाली, "हॅलो? बाई? आवाज येतोय ना?" आणि मग दूर कुणाला तरी, "या, या," आणि मग, "गिऱ्हाईक आलंय, ठेवते हं." ठेवला.

तिनं पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा लावला. उचलला नाही. धंद्याच्या वेळेला गिऱ्हाईक सोडून फोन उचलायचा नाही – हे तिनंच शिकवलं होतं, दुसऱ्या व्याख्यानात, आणि ही बाई दुसऱ्या व्याख्यानापर्यंत पोचलीच नव्हती. तिला ते आधीपासूनच माहीत होतं.

रोज विचारत नव्हते बाबा. एकदाच विचारलं. एकदाच, आणि त्याचं मी रोज केलं.

सुट्टी होती. ती दहा वर्षांची, हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस नुकतंच मिळालेलं, आणि बाबा काही कामासाठी बाहेरगावी गेलेले. तिला दुकान सुधारायचं होतं. सव्वादोनशे खोक्यांवर ती सव्वादोनशे वेडीवाकडी बटणं – हे काय दिसतं? आईच्या कात्रीनं तिनं ती एकेक कापून काढली, सगळी एका डब्यात टाकली, आणि त्यांच्या जागी खळीनं चिठ्ठ्या चिकटवल्या. शिंपला, चार भोकी, मध्यम. लाकडी, दोन भोकी, मोठं. दोन दिवस लागले. सुंदर अक्षर. बाबा आले, उभे राहिले, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे." अभिमान होता त्या आवाजात, निदान तिला तरी तो तसा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी शिवणवाली आली. वर्षानुवर्षं यायची, हातात कापडाचा तुकडा घेऊन, आणि बोट वर करून म्हणायची, "तो." एवढंच. तो, म्हणजे त्या बटणाचा नमुना. त्या दिवशी तिचं बोट वर गेलं आणि हवेतच राहिलं. खोक्यांवर बटणंच नव्हती. ती बघत राहिली, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, आणि गल्ल्यावरची मुलगी... मी... म्हणाले, "सगळं लिहिलंय ना वर." काय आवाज होता तो. नाकानं कांदे सोलणारा, बक्षीसवाला आवाज. शिवणवालीनं कापड मुठीत गोळा केलं, म्हणाली, "येते पुन्हा," आणि गेली. आली नाही.

बाबा मागे स्टुलावर होते. त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, काही न घेता गेलं. का?" आणि थांबले. किती वेळ ते तिनं मोजलं नव्हतं. पुढे कॅमेऱ्यासमोर तेवढं आपोआप निघालं, अकरा सेकंद. तिला माहीत होतं. त्याच क्षणी माहीत होतं, शिवणवालीचा चेहरा अजून दारात होता. आणि ती म्हणाली, "आपल्याकडचं आवडलं नसेल तिला." त्यानंतर तीन दिवस बाबा पहाटे उठून खोक्यांवर बटणं शिवत होते. डब्यातून एकेक शोधून, जुळवून. ती पांघरुणात जागी पडून दोरा ओढल्याचा आवाज ऐकायची. उठली नाही. मदत केली नाही. चिठ्ठ्या मात्र त्यांनी काढल्या नाहीत. बटणांच्या खाली तशाच ठेवल्या.

आणि याची मी पद्धत केली. मूग गिळून बसण्याची पद्धत केली आणि तिला विचार करायला लावणं म्हटलं. त्यांची ती शांतता परीक्षा होती असं ती धरून चालली; पण परीक्षा नसेलच तर? त्यांना उत्तर माहीत होतं, आणि ते तिला ठाऊक आहे हेही माहीत होतं. मग ते थांबले होते कशासाठी? तिनं ते सांगून टाकावं, म्हणून? सांगितलं की मनावरचं ओझं हलकं होतं, म्हणून? आज ते असते तर विचारता आलं असतं... नाही, आज ते असते तरी ती म्हणाली असती, आता पुढचा मुद्दा.

कितीतरी वेळानं दारावर टकटक झाली. एडिटर. "बाई, साडेतीन. कापू का?"

"नाही."

"मग?"

तिनं कोट अंगात घातला. खांद्यांत थोडा घट्ट झाला होता. "कॅमेरा लाव."

एडिटरनं दिवे लावले, माईक कोटाला अडकवला, बटणाच्या जरा वर. अदबीनं विचारलं, "लिहून काही आणलंय? पुढे धरू?" तिनं मान हलवली. लिहिलेलं पुरे झालं.

"जोड दिसला तरी चालेल," ती म्हणाली. "उलट दिसू दे. आणि ऐक, तो इस्त्रीवाल्या बाईंचा नंबर तुझ्या त्या यादीतून काढू नकोस. मी संध्याकाळी दुकानावर जाणार आहे त्यांच्या. पत्ता शोध."

"नाही भेटल्या तर?"

"तर उद्या जाईन."

लाल दिवा लागला. कॅमेऱ्याच्या काचेत तिला स्वतःचा निळा कोट एवढासा दिसला. साठ हजार माणसं उद्या हे बघतील. कुणी म्हणतील बाई म्हाताऱ्या झाल्या, ते अध्यक्ष काय म्हणतील कुणास ठाऊक, आणि शाळेच्या मुलाखतीतली ती सगळी गुळगुळीत वाक्यं... जाऊ देत. भीती होतीच.

"गिऱ्हाईक दुकानात आलं," ती म्हणाली, "उभं राहिलं, आणि काहीही न घेता निघून गेलं. का?"

आणि ती थांबली. एक. दोन. ही तीच शांतता होती, पण आज तिला तिच्यात वाफेचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याच्याही मागे पहाटेचा दोरा, कापडातून ओढला जाणारा, एक फेरी, दुसरी फेरी. कुणीतरी तिकडे कपड्यांच्या ढिगासमोर मोठ्यानं उत्तर देत होतं. चार. पाच. मग मोजणं सुटलं, ती नुसती ऐकत होती. आणि ऐकताना तिला कळलं की उत्तर द्यायची पाळी इतकी वर्षं समोरच्यांची नव्हतीच. हात आपोआप कोटाच्या बटणाशी गेला. घट्ट बसलं होतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य कुठून सुरू करायचं ते ठाऊक नसताना तिनं श्वास घेतला.